वरळीची मुले आणि आगीचा धडा

दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर स्फोट होऊन अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. सप्ताहात शाळेच्या पटांगणात बंब येतो, प्रात्यक्षिके होतात, मुले टाळ्या वाजवितात. परंतु एप्रिल हा परीक्षांचा महिना होय. शिवाय बालवाडीतील मुलाला बंबाच्या शिडीपेक्षा स्वतःच्या घरातून बाहेर पडण्याची वाट ठाऊक असणे अधिक अगत्याचे आहे. हा धडा जूनमध्ये, शाळा उघडताच द्यावा हे इष्ट.

वरळीत तर या वाटाच बदलत आहेत. येथील बीडीडी चाळींत प्रत्येक इमारतीत ८० खोल्या, प्रत्येकी १६० चौरस फुटांच्या. खोलीचे दार उघडले की मधली सामाईक मार्गिका, पुढे जिना आणि तीन मजले उतरताच अंगण. शेजारची काकू हाक ऐकून धावून येई. ऑगस्ट २०२५ मध्ये यांपैकी ५५६ कुटुंबांना चाळीस मजली नव्या इमारतींतील घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. लिफ्टने वर-खाली करणाऱ्या मुलाला जिना कोठे आहे हेच पुष्कळदा माहीत नसते. आगीच्या वेळी मात्र लिफ्ट वर्ज्य आणि जिनाच आधार! पालकांनी मुलांसह एकदा तरी जिन्याने आश्रय मजल्यापर्यंत चालत जावे. शिक्षकांनीही कोळीवाड्यातील, चाळीतील व उंच इमारतीतील मुलांना एकच ठरावीक पाठ देऊ नये.

शाळेतील शिक्षण फुकट जात नाही याचे उदाहरण जवळच, परळला घडले. २२ ऑगस्ट २०१८ रोजी क्रिस्टल टॉवर या इमारतीस आग लागून चौघांचा मृत्यू झाला. त्याच इमारतीत राहणाऱ्या दहा वर्षांच्या झेन सदावर्ते हिने शाळेत शिकल्याप्रमाणे ओले कापड नाकातोंडाशी धरून श्वास घेण्यास शेजाऱ्यांना सांगितले. तिला राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. ओल्या कापडाने काजळी अडते, विषारी वायू अडत नाही. म्हणून जमिनीलगत वाकून, रांगत बाहेर पडण्याची सवय त्याहून महत्त्वाची.

लहान मूल घाबरले की पलंगाखाली किंवा कपाटात लपते. धुरात त्याला शोधणे जवानांना फार कठीण जाते. यासाठी ‘लपायचे नाही, हाक मारायची’ हा खेळ वर्गात वारंवार घ्यावा. कपडे पेटल्यास धावू नये, जमिनीवर लोळावे, हेही सतरंजीवर खेळता येते. भाजलेल्या जागी निदान दहा मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. शाई वा दंतमंजन लावण्याची जुनी खोड मोडणे मात्र मुलांपेक्षा मोठ्यांच्या बाबतीत अवघड दिसते. आग विझविण्याचे काम बालकांना कदापि शिकवू नये. भीतिदायक चित्रेही दाखवू नयेत.

मोठ्या मुलांकडून १०१ हा क्रमांक आणि स्वतःचा पत्ता पाठ करून घ्यावा. ‘वरळीला आग लागली’ एवढ्याने बंब पोहोचत नाही. इमारतीचा क्रमांक, मजला आणि जवळची खूण सांगता आली पाहिजे.

तामिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातून आग पसरली व ९४ बालके दगावली. तेव्हा मुलांना शिकविण्यापूर्वी शाळेचा जिना सामानाने अडला आहे काय, दारे बाहेरच्या बाजूस उघडतात काय आणि माध्यान्ह भोजनाची शेगडी वर्गांपासून किती अंतरावर आहे, याची पाहणी मुख्याध्यापकांनी व स्थानिक अधिकाऱ्यांनी स्वतः फिरून करावयाची आहे.