खळ्यावरून दिसलेले राजकारण

लासलगावला माझे कांद्याचे खळे आहे. गल्ल्यावरचा माणूस राजकारणात शिरला की त्याचे काय होते, हे आमच्या भागात बसल्या जागी शिकायला मिळते.

१. जुना धंदा लपवू नये. छगन भुजबळ मूळचे नाशिकचे. भायखळ्याच्या मंडईत भाजी विकली, १९७३ला नगरसेवक झाले, १९८५ला मुंबईचे महापौर आणि १९९९ला राज्याचे उपमुख्यमंत्री. भाजीचे दिवस ते भाषणात स्वतःच सांगतात.

२. आधी मते मोजावीत. बाजार समितीत निवडून द्यायचे संचालक १८. सोसायट्यांचे ११, ग्रामपंचायतींचे ४, हमाल-तोलारींचा १ आणि आम्हा व्यापारी-आडत्यांचे २. लिलावात बोली आमची, सत्ता शेतकऱ्याची. त्या दोन जागांपलीकडे जायचे, तर सकाळी ज्याच्या ट्रॉलीला कमी बोललात, संध्याकाळी त्याच्याच ओट्यावर बसावे लागते. बहुतेक व्यापारी इथेच थांबतात, आणि ते शहाणपणाचेच आहे.

३. पुढाऱ्याला भाव विचारला जातो, मग निर्णय कुणाचाही असो. आमचे लासलगाव तालुक्याने निफाडचे, विधानसभेला मात्र येवल्यात; तिथे २००४पासून भुजबळ आमदार. त्यांच्याकडे बराच काळ खाते राहिले अन्न, नागरी पुरवठा आणि ग्राहक संरक्षणाचे. म्हणजे ग्राहकाला कांदा स्वस्त हवा आणि मतदाराला महाग! ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने ४० टक्के निर्यात शुल्क लावले, डिसेंबरात निर्यातच बंद केली. पुढच्या लोकसभेला दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांना भास्कर भगरे या शिक्षकाने हरवले. त्यात कांद्याचा हात नव्हता, असे म्हणणारा मला बाजारात अजून भेटलेला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात भुजबळ मात्र येवल्यातून पुन्हा निवडून आले. चाळीतल्या कांद्यासारखा रागही पावसाळ्यानंतर घटतो.

४. चिन्ह मतदाराकडून पाठ करून घ्यावे. दिंडोरीतच भास्कर भगरे यांचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’; त्यांच्याच आडनावाच्या बाबू भगरे या अपक्षाला नुसती ‘तुतारी’ मिळाली, आणि मते लाखावर पडली.

५. बाजारातली पत आणि राजकारणातली पत वेगळी. ईडीने भुजबळांना मार्च २०१६मध्ये अटक केली, जामीन मिळाला मे २०१८मध्ये. २०१९ला येवल्याने त्यांना पुन्हा निवडून दिले. दिल्लीतल्या महाराष्ट्र सदनाच्या बांधकामातल्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात विशेष न्यायालयाने दोषमुक्त केले ते त्यानंतर, २०२१मध्ये. आमच्याकडे एखाद्या आडत्यावर नुसता छापा पडला, तरी दुसऱ्या दिवशी त्याच्या खळ्यावर ट्रॉली येत नाही. मतदार निकालासाठी थांबत नाही, हे मला पटत नाही. पण तसे घडते खरे.

बाजार समितीला उभे राहू पाहणाऱ्या तरुण आडत्यांनो, अर्ज भरण्याआधी शेतकऱ्यांची राहिलेली चुकवती पूर्ण करा.