गणिताच्या मुलाखतीत नेमकं काय विचारतात?

प्रश्न : मी सालवडला राहतो, तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ऑपरेटर आहे. मुलगी पालघरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय गणित. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली. कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूटची लेखी परीक्षा ती पास झाली आणि आता मुलाखतीचं बोलावणं आलं आहे. आमच्या घरात या वाटेनं आधी कुणी गेलेलं नाही. नोकरीच्या मुलाखती मी दिल्यात, पण गणिताची मुलाखत म्हणजे काय असतं? एखादा क्लास लावावा का? ती मुळात कमी बोलते, इंग्रजीत तर फारच अडखळते. तिनंही एक ओळ लिहायला सांगितली आहे : ‘उत्तर येत नसेल तर गप्प राहायचं, की अंदाजानं काहीतरी सांगायचं?’
— एक वाचक, सालवड

उत्तर : आधी मुलीचं मनापासून अभिनंदन. देशभरातून मुलं ही लेखी परीक्षा देतात आणि मुलाखतीपर्यंत त्यांतली थोडीच पोचतात. त्यामुळे तिला गणित येतं की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. ती गणिताचा विचार कसा करते, हे त्या प्राध्यापकांना समोर बसून पाहायचं असतं.

तुम्ही दिलेल्या नोकरीच्या मुलाखतींपेक्षा हा प्रकार बराच वेगळा आहे. ‘स्वतःबद्दल सांगा’, ‘पाच वर्षांनी कुठे असाल’ असल्या प्रश्नांत इथे वेळ जात नाही. खोलीत काही प्राध्यापक बसलेले असतात, भिंतीवर फळा असतो आणि मुलीच्या हातात खडू दिला जातो. पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो : बी.एस्सी.त कोणते विषय तुला चांगले जमले? उत्तर साधं वाटतं, पण पुढची सगळी मुलाखत त्यावर ठरते. छाप पडेल म्हणून ‘टोपॉलॉजी’ किंवा ‘मेझर थिअरी’ सांगणारी मुलं असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला त्यांचा पाय घसरतो. रिअल अ‍ॅनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा खरोखर पक्कं असेल, तर तेवढंच सांगावं. कमी सांगितलं म्हणून कुणी गुण कापत नाही. सांगितलेल्याच्या तळापर्यंत मात्र नेतात.

तळापर्यंत म्हणजे कसं, ते एका उदाहरणानं दाखवतो. समजा, तिनं रिअल अ‍ॅनालिसिस सांगितलं. प्रश्न येईल, युनिफॉर्म कंटिन्युइटीची व्याख्या फळ्यावर लिही. इथे एप्सिलॉन आणि डेल्टा कुठल्या क्रमानं येतात, ‘प्रत्येक’ कुठे आणि ‘असा एखादा’ कुठे, हे अचूक हवं. क्रम चुकला की ती साध्या कंटिन्युइटीची व्याख्या होऊन बसते. मग विचारतील, एक्सचा वर्ग हे फलन सगळ्या वास्तव संख्यांवर युनिफॉर्मली कंटिन्युअस आहे का? नाही. आणि ० ते १ या बंद अंतरालावर? तिथे आहे. का? बंद आणि परिबद्ध अंतरालावर प्रत्येक कंटिन्युअस फलन तसं असतंच. मग अंतराल उघडं केलं तर हे प्रमेय टिकेल? ० आणि १ ही टोकं वगळली की एक छेद एक्स हे फलन आडवं येतं. बरं, डेरिव्हेटिव्ह परिबद्ध असेल तर फलन युनिफॉर्मली कंटिन्युअस असतं, हे सिद्ध कर. मीन व्हॅल्यू थिअरमनं दोन ओळींत होतं. आता याच्या उलट खरं आहे का?

इथे बरीच मुलं थबकतात, कारण पाठ्यपुस्तकात हा प्रश्न या शब्दांत नसतो. उत्तर शाळेतच भेटलेलं आहे : एक्सचं वर्गमूळ. ० ते १ या बंद अंतरालावर ते कंटिन्युअस आहे, म्हणून युनिफॉर्मलीसुद्धा आहे, पण ० च्या जवळ जाताना त्याचा डेरिव्हेटिव्ह कितीही मोठा होत जातो. आलेख काढला की डोळ्यांना दिसतं. या साखळीत एकही प्रश्न बी.एस्सी.च्या बाहेरचा नाही. म्हणून तिची तयारी अशी व्हावी : प्रत्येक व्याख्येला दोन उदाहरणं आणि जिथे व्याख्या लागू पडत नाही असं एक उदाहरण, आणि प्रत्येक प्रमेयाची एकेक अट काढून टाकली तर काय कोसळतं, ते. नव्या विषयाचं जाड पुस्तक आत्ता उघडू नये.

आता मुली, तुझ्या प्रश्नाकडे येतो, कारण पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तू विचारला आहेस. गप्प राहायचं नाही आणि अंदाजाची गोळीही झाडायची नाही. ‘हे मला माहीत नाही, पण लहान उदाहरण घेऊन पाहते’ असं म्हणायचं आणि खरंच फळ्यावर ते उदाहरण घ्यायचं. मुलाखतीचा खरा भाग बहुतेकदा इथूनच सुरू होतो.

तुझ्याच जिल्ह्यातलं गणित घेऊ. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर डहाणूचे. १७ जानेवारी १९०५ चा जन्म. डहाणू म्हणजे बोईसरहून गाडीत बसलं की वाणगावनंतरचं स्टेशन. ठाण्यात शाळा, मग पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज, १९२७ साली रँग्लर परांजपे गणित पारितोषिक, आणि पुढे देवळालीत शाळामास्तरकी. १९४९ साली त्यांना ६१७४ ही संख्या सापडली. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमानं लावून लहान करा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच, अंक कमी पडला तर पुढे शून्य धरून. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येते आणि तिथेच थांबते. समज, हे माहीत नसताना तुला कुणी विचारलं, असं का होतं?

चार अंक झेपत नसतील तर तीन घे आणि बोलत बोलत लिही. सगळ्यात मोठा अंक अ, मधला ब, लहान क. मोठी संख्या १००अ + १०ब + क. लहान संख्या १००क + १०ब + अ. वजाबाकी ९९(अ − क). मधला अंक गळून गेला! म्हणजे पहिल्याच वजाबाकीनंतर शेकडो संख्यांची गर्दी नऊ संख्यांवर आली : ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. आता फक्त नऊ वजाबाक्या करायच्या. ०९९ वरून ८९१, तिथून ७९२, ६९३, ५९४ आणि शेवटी ४९५. उरलेल्या १९८, २९७ आणि ३९६ सुद्धा याच वाटेला येऊन मिळतात. ४९५ वर पुन्हा क्रिया केली तर ४९५ च. सिद्धता पूर्ण झाली.

समोरचे प्राध्यापक लगेच विचारतील, दोन अंकी संख्यांचं काय? करून पाहा : ०९ वरून ८१, मग ६३, २७, ४५ आणि परत ०९. इथे थांबणं नाहीच, नुसतं गोल फिरणं. चार अंकांना (उतरत्या क्रमानं अ, ब, क, ड) वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) अशी येते, म्हणजे दोनच फरकांवर सगळं अवलंबून, आणि त्या फरकांच्या जोड्या भरतात ५४. एवढं फळ्यावर आलं तरी मूळ प्रश्नाचा गाभा तू उकललास. चौपन्न वजाबाक्या तुझ्याकडून कुणी करून घेणार नाही.

या सगळ्यात तुला आधीपासून काय माहीत होतं? दशमान पद्धत आणि वजाबाकी. कापरेकरांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती आणि त्यांच्या कामाकडे अनेक वर्षं इथल्या गणितज्ञांनी फारसं लक्षही दिलं नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनरनं अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जगाला ते कळले. मला त्यांची ही एक गोष्ट मोठी वाटते : साधा प्रश्न त्यांनी हातातून सोडला नाही.

आणखी एक. मुलाखतीत प्राध्यापक सूचना देतात : ‘हे दोन मितींत करून बघ’, ‘फलन सतत नसतं तर?’ मुलांना वाटतं आपण नापास होत चाललो. तसं नसतं. दिलेली सूचना उचलून ही मुलगी पुढे जाते का, हे त्यांना पाहायचं असतं, कारण पुढची पाच-सहा वर्षं मार्गदर्शकाबरोबर हेच करायचं आहे. सूचना आली की क्षणभर थांब, ती आपल्या शब्दांत पुन्हा म्हण आणि मग लिही. चूक लक्षात आली तर ‘हे चुकलं’ म्हणून पुसून टाक. त्याला कमीपणा समजत नाहीत.

आता पुन्हा वडिलांना. क्लास लावू नका. याचा पाठांतराचा क्लास होऊच शकत नाही. त्याऐवजी घरात एक फळा आणा, लहान असला तरी चालेल, आणि शिफ्टवरून आल्यावर रोज अर्धा तास तिच्यासमोर बसा. तुम्हाला गणित यायची गरज नाही. ती बोलता बोलता थांबली की एवढंच विचारा : ‘का?’ आणि तिनं ‘हे तर उघडच आहे’ म्हटलं की पुन्हा विचारा. कमी बोलणाऱ्या मुलीला मोठ्यानं विचार करायची सवय घरातच लागते. ऐन मुलाखतीच्या दिवशी ती अंगात येत नाही.

तेव्हा मुंबई विद्यापीठात शिकवणाऱ्या प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ साली एम.टी.टी.एस. हा उन्हाळी उपक्रम सुरू केला तो स्वतः विचार करायच्या सवयीच्या याच उणिवेवर. तिथे मुलांना नुसतं लिहून घेऊ देत नाहीत. प्रश्न विचारून विचारून त्यांच्याकडूनच सिद्धता काढून घेतात. बी.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींनी त्याला जरूर अर्ज करावा. कुमारेसन यांचं लिनिअर अल्जिब्रावरचं पुस्तक आकृत्यांतून शिकवतं, तुमच्या मुलीनं एवढ्या दिवसांत त्यातली पहिली प्रकरणं सोडवली तरी पुष्कळ.

इंग्रजीची धास्ती मनातून काढा. फळ्यावरचं लिखाण सगळ्यांना वाचता येतं आणि गणिताला लागणारी वाक्यं मोजकी असतात : ‘लेट’, ‘सपोझ’, ‘देन’, ‘कॉन्ट्राडिक्शन’. व्याकरण चुकलं म्हणून कुणी प्रवेश नाकारत नाही. अगदीच अडलं तर ‘मी हिंदीत सांगू का?’ असं सरळ विचारावं. इंग्रजी वाक्य जुळवण्याच्या नादात विचाराचा धागा सुटतो. जपायचा आहे तो धागा.

एकाच दारावर सगळी भिस्त ठेवू नका, हेही सांगायला हवं. बंगळुरूची आयआयएससी, पुण्याची आयसर, मुंबई आयआयटीची पीएच.डी., नॅशनल बोर्ड फॉर हायर मॅथेमॅटिक्सची (एनबीएचएम) शिष्यवृत्ती, या ठिकाणीही लेखी गुणांच्या जोडीला मुलाखत असते आणि तयारी हीच लागते. आयआयटीतल्या एम.एस्सी.ला जॅम परीक्षेच्या गुणांवर प्रवेश मिळतो, तिथे मुलाखत नाही. परदेशातही पद्धत फार निराळी नाही. ऑक्सफर्ड-केंब्रिजला बारावीनंतरच्या मुलांना अनोळखी उदाहरण देऊन ‘बोलत बोलत सोडव’ असंच सांगतात. प्रत्येक संस्थेचे नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा तिचं त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचावं, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

जाण्यायेण्याचं थोडक्यात. बोईसर ते चर्चगेट शंभरएक किलोमीटर, पुढे संस्था आहे त्या नेव्हीनगरपर्यंत बस किंवा टॅक्सी. पहाटेच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. आदल्या रात्री मुंबईत कुणा नातेवाइकांकडे मुक्काम करा आणि ओळखपत्र बरोबर ठेवा. सकाळी वही चाळायची तर फक्त व्याख्या.

शेवटी एक विनंती, ती मात्र बाकीच्या वाचकांना. बोईसरला तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या टॅप्स कॉलनीत, पालघरच्या कॉलेजांत, एमआयडीसीतल्या कारखान्यांत गणित आणि भौतिकी शिकलेली पुष्कळ माणसं आहेत, निवृत्तही बरीच. आपल्या भागात अशी मुलगी किंवा मुलगा असेल, तर आठवड्यातून एक तास त्यांना फळ्यासमोर उभं करा आणि ऐका. ज्यांना हे जमण्याजोगं आहे, त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर कळवावं. सालवडच्या या वाचकांशी आम्ही गाठ घालून देऊ.