नभोवाणीची वार्ता आणि लोकांचा विश्वास

मुहम्मद तुघलकाने दिल्ली ओस पाडली आणि एका आंधळ्याला दौलताबादेकडे असे फरफटत नेले की येथे पोचला तो केवळ त्याचा पाय, ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असते. ती इब्न बतूताच्या प्रवासवर्णनातली आहे. राजधानी हलली 1327 च्या सुमारास; हा प्रवासी दिल्लीस आला तो त्यानंतर सहा-सात वर्षांनी. ओस पडलेल्या दिल्लीविषयीही एका विश्वासू माणसाने आपणांस सांगितले, असे तो लिहितो. उलट, 1327 व 1328 सालचे संस्कृत शिलालेख दिल्लीच्या परिसरातच सापडले आहेत. अख्खे शहर ओस पडले असते तर ते कोरले कोणी?

परंतु ऐकीव वार्ता त्या काळी पायी चालत असे. नभोवाणीवरून ती क्षणात देशभर जाते, म्हणून येथे जबाबदारीही मोठी.

22 मार्च 1979 रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत जयप्रकाश नारायण यांचे निधन झाल्याचे सांगितले. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, आकाशवाणीने वार्ता प्रसारित केली. जयप्रकाशजी त्या वेळी मुंबईच्या जसलोक रुग्णालयात जिवंत होते! बाहेर गर्दी लोटली आणि जनता पक्षाचे अध्यक्ष चंद्रशेखर यांना ते हयात असल्याचे लोकांना सांगावे लागले. त्यांचे निधन झाले ते 8 ऑक्टोबरला, पाटण्यास.

पंतप्रधान खुद्द संसदेत बोलल्यावर आकाशवाणीने आणखी कोणाला विचारायचे, असे कोणी म्हणेल. युक्तिवाद वरवर पटतो. पण "जयप्रकाशजी निवर्तले" आणि "जयप्रकाशजी निवर्तल्याचे पंतप्रधानांनी सांगितले" ही दोन विधाने एक नव्हेत. दुसरे खरे होते. पहिल्याची खातरजमा रुग्णालयातच व्हायला हवी होती, आणि मुंबईत आकाशवाणीचे केंद्र होतेच. (आजच्या वाहिन्यांवरील "सूत्रांकडून" हा शब्द इब्न बतूताच्या विश्वासू माणसाचाच वंशज म्हणावा लागेल.)

वरून आले ते खरे, ही सवय एका दिवसात लागलेली नव्हती. 1975 ते 1977 च्या आणीबाणीत लोक आकाशवाणीला "ऑल इंदिरा रेडिओ" म्हणू लागले होते. तिला स्वायत्त करावे, अशी शिफारस वर्गीज समितीने 1978 मध्ये केली. प्रसारभारतीचा कायदा संमत झाला 1990 मध्ये आणि अमलात आला 1997 मध्ये.

मधल्या काळात उलट प्रकारची चूकही घडली. 31 ऑक्टोबर 1984 रोजी सकाळी इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या मृत्यूची वार्ता आकाशवाणीने दिली ती संध्याकाळी. बीबीसीने ती आधीच दिली होती. चुकीच्या वार्तेपेक्षा हे मौन अधिक घातक असे मला वाटते, कारण चूक दुरुस्त करता येते, पण कान एकदा दुसरीकडे वळले की परत आणणे कठीण. त्या दिवशी काँग्रेसचे सरचिटणीस राजीव गांधी बंगालच्या दौऱ्यावर होते. आईची खबर कळावी म्हणून त्यांनीही लावली ती बीबीसीच.