पिवळे बाळ, पांढुरकी शी आणि जनुकांचा उलगडा

नवजात बाळाला कावीळ होणे ही आपल्या घरांत नवी गोष्ट नाही. बहुतेक बाळांची कावीळ दोन आठवड्यांत ओसरते, म्हणून ‘कोवळ्या उन्हात धरा, आपोआप जाईल’ हा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. परंतु पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ चौदा दिवसांनंतरही टिकली, लंगोटावर लघवीचे पिवळे डाग पडू लागले आणि शी पांढुरकी होऊ लागली, तर पित्त यकृतातून आतड्यापर्यंत पोहोचत नाही, असे समजावे. अशा बाळाचे एकूण व डायरेक्ट बिलिरुबिन त्याच दिवशी तपासावे. डायरेक्ट बिलिरुबिन १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास विलंब नको. रक्तस्राव टाळण्यासाठी ‘के’ जीवनसत्त्वही विसरू नये.

एक लक्षण, अनेक व्याधी

यातील सर्वांत निकडीची व्याधी म्हणजे बिलियरी अट्रेसिया. यात पित्तनलिका बुजत जातात. जपानी शल्यचिकित्सक मोरिओ कासाई यांनी १९५९ मध्ये मांडलेली शस्त्रक्रिया शक्यतो साठ दिवसांच्या आत झाली, तर पित्तप्रवाह सुरू होण्याची शक्यता अधिक असते. हा विकार सहसा एकाच घरात पुन्हा आढळत नाही आणि त्याचे एकच असे जनुक सापडलेले नाही. मात्र प्लीहेच्या जन्मजात दोषासह येणाऱ्या प्रकारात ‘पीकेडी१एल१’ या जनुकाचा संबंध २०१९ मध्ये पुढे आला.

वरकरणी तसेच दिसणारे अलाजील सिंड्रोम मात्र निराळे. त्याचे ‘जॅग१’ हे विसाव्या गुणसूत्रावरील जनुक १९९७ मध्ये ओळखले गेले. फुलपाखराच्या आकाराचे मणके, फुप्फुसाच्या रोहिणीचे अरुंदपण व त्रिकोणी चेहरा ही त्याची लक्षणे. कासाई शस्त्रक्रियेने या बाळांना लाभ होत नाही. म्हणून छातीचा एक्स-रे व हृदयाची तपासणी आधी व्हावी.

तिसरा गट वाढत जाणाऱ्या कौटुंबिक पित्तावरोधाचा. यकृतपेशीतून पित्ताचे घटक बाहेर टाकणाऱ्या प्रथिनांची जनुके, ‘एटीपी८बी१’, ‘एबीसीबी११’ आणि ‘एबीसीबी४’, १९९८ च्या सुमारास उलगडली. पहिल्या दोन प्रकारांत कावीळ व तीव्र खाज असूनही जीजीटी वाढलेले नसते, हा साध्या प्रयोगशाळेतही मिळणारा दुवा आहे. ‘एबीसीबी११’च्या दोषात यकृताच्या कर्करोगाचा धोका असल्याने बाळावर दीर्घकाळ लक्ष ठेवावे लागते. २०२१ मध्ये अमेरिकेत या गटासाठी ओडेव्हिक्सिबॅट आणि अलाजीलसाठी मारालिक्सिबॅट ही औषधे मान्य झाली. आतड्यातून पित्ताम्ले परत शोषली जाणे ती रोखतात व खाज कमी करतात. जनुकांचे ज्ञान औषधापर्यंत कसे पोहोचते, याचे हे उत्तम उदाहरण.

आईवडिलांशी बोलताना

निदान सांगितल्यावर नातलगांचा पहिला प्रश्न मी नेहमी ऐकतो : ‘हे कुणाच्या घराण्यातून आले?’ आणि सर्वांच्या नजरा आईकडे वळतात. याचे उत्तर डॉक्टरांनीच स्पष्टपणे द्यावे. कौटुंबिक पित्तावरोधात सहसा सदोष जनुकाची एक प्रत आईकडून व एक वडिलांकडून येते. दोघेही निरोगी वाहक असतात. प्रत्येक गर्भारपणात धोका चारात एक. अलाजीलमध्ये निम्म्याहून अधिक बाळांत दोष नव्यानेच उद्भवतो. दोष कुणाच्याच माथी मारता येत नाही.

आपल्या सीमाभागात मामाच्या मुलीशी विवाहाची रीत आजही अनेक घराण्यांत आहे. ज्या कुटुंबात असे बाळ जन्मले, तेथे पुढील सोयरीक व गर्भारपण यांपूर्वी जनुकीय सल्ला घ्यावा. दोष नेमका ठाऊक असल्यास पुढच्या वेळी वारेच्या नमुन्यावरून गर्भातच निदान शक्य असते. आईला गर्भारपणात अंगभर खाज सुटली होती का, हाही प्रश्न जरूर विचारावा. ती कधी कधी ‘एबीसीबी४’ची वाहक असते.

आधी शी, मग जनुक

जनुकीय अहवालाला अनेकदा आठवडे लागतात. नमुना अवश्य पाठवावा, पण त्याची वाट पाहत शस्त्रक्रियेचे दिवस दवडू नयेत. तैवानने २००४ पासून देशभर प्रत्येक मातेला शीच्या रंगांचे चित्रपत्रक दिले आणि बाळे लवकर उपचाराला येऊ लागली. असे पत्रक आपल्या प्रत्येक लसीकरण-पुस्तिकेत चिकटवण्यास फारसा खर्च नाही. आपल्या मंडळाने हे काम हाती घ्यावे, अशी माझी सर्व सभासदांना विनंती आहे.