सुईने लिहिलेला इतिहास

इतिहास केवळ राजदरबारीच लिहिला जातो, असे आम्ही मानत नाही. लाओसच्या डोंगरांतील ह्मोंग लोकांना अमेरिकेने आपल्या गुप्त युद्धात लढविले. १९७५ साली तेथे सत्तापालट होताच सूडाच्या भयाने हजारो ह्मोंग मेकाँग नदी ओलांडून थायलंडमध्ये गेले; कित्येक वाटेतच बुडाले. निर्वासित छावण्यांतील स्त्रियांनी ही वाताहत कापडावर भरतकामाने चितारली. पुढे अमेरिकेतील मिनेसोटात वसलेल्यांनी ‘तू-लू’ हा खेळही जपला. त्यात काठीला बांधलेल्या दोरीने भोवरा सोडून दूर फिरणारा प्रतिस्पर्ध्याचा भोवरा उडवायचा असतो. तो खेळताना आजोबांनी गाव का सोडले, असे ज्या मुलास विचारावेसे वाटेल, त्याचे इतिहासाचे अध्ययन तेथेच सुरू झाले, असे आम्ही समजतो.