खुडूक कोंबडी

आमच्या आळीतल्या आक्का सकाळीच ओट्यावर आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, कोंबडी खुडूक झालीया. पाण्यात बुचकळली, तरी खुराड्यातनं हलंना. आता काय करू?"

मी विचारले, "आक्का, तुम्हांला पिल्ले हवीत की अंडी?"

आक्का गप्प झाल्या. हा विचार त्यांनी केलाच नव्हता.

खुडूक होणे हा रोग नाही. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी देते. मग तिला ती उबवावीशी वाटतात. ती पिसे फुलवून बसते. हात घातला की चोच मारते. तोवर अंडी बंद. अंडी बंद म्हणजे घरातल्या बाईचा मीठमिरचीचा पैसा बंद. म्हणून माणसे चिडतात. कोणी तिला बुचकळतो, कोणी नाकात पीस खुपसतो. असले दुष्ट उपाय करू नका.

पिल्ले हवी असतील तर तिला बसवा. पाटीत वाळले गवत घाला. १० ते १२ अंडी पुरेत. जास्त ठेवली तर कडेची गार पडतात. अंडी आठवड्याच्या आतली घ्या, तडकलेली नको. माण, खटाव, आटपाडी, जत इकडे उन्हाळा कडक. चैत्र-वैशाखात अंडी लवकर नासतात. तेव्हा थंडीत बसवलेली बरी. सातव्या रात्री अंडे बॅटरीच्या उजेडासमोर धरा. आत तांबड्या शिरा दिसल्या, तर पिल्लू धरले आहे. अंडे नितळ दिसले, तर काढून टाका. २१ व्या दिवशी पिल्ले बाहेर येतात.

वनराजा, गिरिराज या सुधारित कोंबड्या अंडी जास्त देतात, पण सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची अंडी उबवायलासुद्धा आपली गावठीच लागते!

आक्कांना अंडी हवी होती. मी सांगितले, "तिच्या पोटाला ऊब मिळू देऊ नका. अंडी रोज उचला. तिला जाळीच्या पेटीत ठेवा. पेटी विटांवर उचला, म्हणजे खालून वारा लागेल. आत गवत नको. दाणापाणी मात्र पोटभर द्या. उपाशी कोंबडी अंड्यावर लवकर येत नाही."

चार दिवसांनी आक्कांनी तिला सोडले आणि धावत आल्या. "गुरुजी, बाकीच्या तिला फाडत्यात!"

ही चूक माझी. कोंबड्यांत मान ठरलेला असतो. कोणी आधी खायचे, कोणी मागे सरायचे, हे त्यांना ठाऊक असते. एक जण चार दिवस दिसली नाही, की ती परकी होते. पेटी खुराड्याशेजारी, साऱ्यांच्या नजरेत ठेवायला हवी होती. ते मी सांगितलेच नव्हते.

शेपटाजवळ रक्त आले होते. रक्त दिसले की साऱ्या तिथेच टोचतात, पार जीव जाईतो. म्हणून जखमी कोंबडी तडक बाजूला काढावी. आम्ही हळद तेलात कालवून लावली. जखम सुकल्यावर तिला रात्री, अंधार पडल्यावर आत सोडली. सकाळी दाणा दोन ठिकाणी टाकला. लसूणघासाची जुडी मानेच्या उंचीवर टांगली. चोची तिकडे गुंतल्या.

एक तुरेवाली मात्र तरीही टोचतच होती. मग तिलाच तीन दिवस पेटीत घातले. परत आली तेव्हा तिचा मान उतरला होता. आक्कांची खुडूक कोंबडी बाराव्या दिवशी अंड्यावर आली.