राऊटरच्या दोन बाजू

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां राऊटर नांवाची लहानशी पेटी असते. तिचा पल्ला माडीपर्यंत पोंचत नाहीं म्हणून कोणी दुसरी पेटी आणून पहिलीस जोडतो, आणि मग सर्व दिवे लागलेले असूनहि माडीवर इंटरनेट चालत नाहीं. पेटी बिघडली असें समजून ती परत करण्यापूर्वीं पालकांनीं पुढील मजकुराकडे लक्ष द्यावें, अशी आमची विनंति आहे.

प्रत्येक यंत्रास १९२.१६८.१.२० असा चार आंकड्यांचा पत्ता असतो. सोबत २५५.२५५.२५५.० असा मास्क दिलेला असतो. त्याचा अर्थ इतकाच कीं, पहिले तीन आंकडे हें आळीचें नांव व चौथा घराचा क्रमांक. अशा आळीस सबनेट म्हणतात.

संदेश राऊटरकडे द्यावा कीं नाहीं, हें राऊटर ठरवीत नाहीं. पाठविणारा संगणकच ठरवितो, आणि खरी खुबी येथेंच आहे. पत्ता आपल्याच आळींतला निघाला, तर तो "हा पत्ता कोणाचा?" अशी आळींत हाक मारतो. (शेजाऱ्यास टपालानें पत्र कोण पाठवितो?) १९८२ सालीं ठरलेल्या या पद्धतीस एआरपी हें नांव आहे. ही हाक राऊटर पलीकडे जाऊं देत नाहीं.

आतां राऊटरच्या दोन्ही बाजूंस एकच आळी आहे असें समजा. अलीकडचा २० क्रमांकाचा संगणक पलीकडच्या ३० क्रमांकास हाका मारीत बसतो. उत्तर येत नाहीं, आणि संदेश राऊटरच्या हातीं पडतच नाहीं. राऊटरच्या कोष्टकांतहि एकाच आळीकडे जाणाऱ्या दोन वाटा. त्यानें कोणती धरावी? कांहीं राऊटर असा पत्ता मुळींच स्वीकारीत नाहींत, आणि आमच्या मतें तेंच बरें. निमूटपणें स्वीकारणारे पुढें अधिक छळतात.

माडीवर नेमकें हेंच घडतें. पुष्कळ पेट्यांस कारखान्यांतूनच १९२.१६८.१.१ हा पत्ता मिळालेला असतो. दुसरीस बाहेर जाण्याची वाट पहिलीच्या या पत्त्यावरून. परंतु तोच पत्ता तिचा स्वतःचाहि! अशा वेळीं दुसरीच्या आंतल्या बाजूस १९२.१६८.२.१ हा पत्ता द्यावा, व माडीवरचीं यंत्रें एकदां बंद करून पुनः चालू करावीं, म्हणजे त्यांस नव्या आळींतले पत्ते मिळतात.